अल्सर फुटला तरी "सलाईनवर बरा होतो"? याला उत्तर द्यायलाच हवं

निपाणीकर_सर्जन
काल इथे एकाने ठासून लिहिलंय: "अल्सर फुटला की लगेच पोट उघडायची गरज नसते. नाकात नळी, सलाईन, अँटिबायोटिक आणि चार दिवस उपास, भोक आपोआप बुजतं. ऑपरेशन म्हणजे बिल वाढवायचा धंदा." खाली बरेच जण "अगदी बरोबर" म्हणून गेलेत. हे वाचून कुणीतरी पोट कडक झालेल्या माणसाला घरी झोपवून ठेवेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

अल्सर फुटणं म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या व्रणाला आरपार भोक पडणं. न कापता उपचाराची पद्धत जुनीच आहे. हर्मन टेलर यांनी १९४६ मध्ये ती मांडली. पोट सतत रिकामं ठेवलं की गळती थांबते आणि चरबीचा पडदा किंवा यकृताची खालची बाजू छिद्रावर चिकटून बसते. जवळपास निम्मी छिद्रं पेशंट दवाखान्यात येईपर्यंत अशी बुजलेली असतात. इथपर्यंत मान्य.

पुढचं त्या पोस्टमध्ये नाही. हाँगकाँगला ८३ पेशंटवर चाचणी झाली, १९८९ मध्ये छापून आली. ४० जणांना आधी नळी-सलाईनवर ठेवलं. १२ तासांत ११ जणांना उतार पडला नाही, त्यांना टेबलावर घ्यावं लागलं. त्या ११ पैकी दोघांचा जठराचा कॅन्सर फुटला होता आणि एकाचा मोठ्या आतड्याचा. सत्तरीच्या पुढच्यांना या उपचाराचा उपयोग कमी झाला. मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखं, पण नळी-सलाईनच्या गटाचा मुक्काम ३५ टक्क्यांनी जास्त. मग बिल कुणाचं वाढलं?

आणि हे "चार दिवस उपास" इतकं सोपं नाही. राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात घालायची नळी, १६ किंवा १८ नंबरची लागते. १२ नंबरची घातली की भाकरीच्या कणांनी तुंबते, पिशवीत काही येत नाही आणि सगळ्यांना वाटतं पोट रिकामं झालं. टोक जठरात खाली आहे की अन्ननलिकेत गुंडाळी झालीय, हे एक्स-रेत बघावं लागतं. पिशवी खाली लोंबती ठेवायची, शिवाय दर तासाला ५० मिलीच्या सिरिंजने ओढायचं. तोंडाने चमचाभर पाणीसुद्धा नाही. आम्ल कमी करायला पँटोप्राझोल ८० मिलिग्रॅम शिरेतून, मग तासाला ८ मिलिग्रॅम. अँटिबायोटिक म्हणून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-मेट्रोनिडाझोल. लघवीची नळी घालायची आणि ६० किलोच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली जाऊ द्यायची नाही. दर दोन तासांनी त्याच सर्जनने पोटावर हात ठेवायचा. हात बदलला की "जरा मऊ वाटतंय" याला काही अर्थ उरत नाही. नाडी चढली, ताप आला, पोट फुगलं किंवा दुखणं पसरलं, तर १२ तास भरायची वाट बघायची नाही. थिएटर आणि भूलतज्ज्ञ हाताशी नसेल तर हा उपचार सुरूच करू नये.

बेळगावी_गॅस्ट्रो
सर, पोस्ट चुकीची आहे, पण तुमचा रोखही एकतर्फी आहे. १९८९ साली आजच्यासारखे शिरेतून द्यायचे पीपीआय (पँटोप्राझोलसारखी आम्ल रोखणारी औषधं) नव्हते, आणि पोटाचा सीटी अर्ध्या तासात हातात येत नव्हता. आज सीटीत दिसतं की हवा किती, पाणी किती, कॉन्ट्रास्ट (फोटोत उठून दिसावं म्हणून दिलेलं द्रव) बाहेर गळतोय की नाही. हवेचे दोन बुडबुडे छिद्राशेजारीच आहेत, पोटात पाणी नाही, नाडी ८४, वय ३५. असा पेशंट कापायचा कशाला?

शिवाय तुम्ही सगळं अल्सरवरच आणून ठेवलंत. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करताना छिद्र पडलं, आतडं आधीच साफ आहे, छिद्र लहान आहे आणि तिथल्या तिथे दिसलंय, तर आतूनच क्लिप लावून काम होतं. डायव्हर्टिक्युलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या फुगीर पिशव्या सुजतात तो आजार) बाहेरून झाकला गेलेला तीन-चार सेंटिमीटरपर्यंतचा गळू अँटिबायोटिकवर बसतो. त्याहून मोठा असेल तर सोनोग्राफीखाली नळी घालून पू काढता येतो. हिंचे यांच्या वर्गवारीतला तिसरा-चौथा टप्पा असेल, म्हणजे पू किंवा मळ पोटभर पसरला असेल, तर तुमच्याकडेच पाठवतो. प्रत्येक छिद्राला चाकू, ही सर्जनची सवय झालीय.

निपाणीकर_सर्जन
सवय नाही, जबाबदारी. तुमचा ३५ वर्षांचा, नाडी ८४ चा पेशंट मीही थांबवून ठेवेन. पण हा उपचार मागायला येतात ते ७५ वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाचे नातेवाईक. "ऑपरेशन झेपणार नाही, सलाईनवर बघा." आणि नेमका त्याच वयात हा उपचार फसतो. ज्याला ऑपरेशनची भीती जास्त, त्यालाच थांबणं महाग पडतं.

आणि टायफॉइडचं काय? तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात छिद्र पडतं, आतली घाण पोटभर पसरते. तिथे चरबीचा पडदा वेळेवर येऊन झाकेल, या भरवशावर बसायचं नाही. टीबीच्या छिद्राचंही तेच. "आतडं फुटलं" एवढंच लिहून सलाईन सांगणाऱ्याने कुठलं आतडं आणि कशाने फुटलं, हे आधी सांगावं.

एक्सरेवाला_खानापूर
दोघेही सीटीवर बोलताय, पण तालुक्याला आधी एक्स-रेच निघतो आणि तोच वाईट काढलेला असतो. पेशंटला झोपवून पोटाचा फोटो काढतात आणि "हवा नाही" म्हणून कळवतात. हवा वर चढते ओ, झोपलेल्या माणसात ती पोटाच्या पुढच्या भिंतीखाली पसरते, डायाफ्रॅमखाली (छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली) कशी दिसणार? किमान दहा मिनिटं ताठ बसवायचं, मग उभ्याने छातीचा फोटो घ्यायचा. पोटाचा नाही, छातीचा. किरण डायाफ्रॅमच्या कडेने जातात म्हणून एक-दोन मिली हवासुद्धा चंद्रकोरीसारखी दिसते. बसवत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून आडवा किरण. मग यकृत आणि बरगड्यांच्या मधे काळी पट्टी येते.

इतकं करूनही चार-पाचात एका पेशंटची हवा दिसत नाही. म्हणून स्वच्छ फोटो आहे म्हणजे छिद्र नाही, असं लिहून देऊ नका. उलटही होतं. मोठं आतडं यकृताच्या वर सरकलेलं असेल तर हवा असल्यासारखं वाटतं. आतड्याच्या वळ्या दिसतात का बघायचं. नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेल्याच्या पोटात काही दिवस हवा राहतेच. आणि गळती तपासायला बेरियम कुणी देऊ नका. पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्टच द्या. बेरियम पोटात सांडला तर आणखी एक आजार होतो.

अथणीची_सिस्टर
तुमचं सगळं शास्त्र बरोबर असेल. सीटी कुठे आहे ते सांगा. रात्री अकराला पोट धरून आलेला माणूस कागवाडचा असला तर मिरजेला, निपाणीचा असला तर कोल्हापूरला, खानापूरचा असला तर बेळगावला. आणि गेटवर पहिला प्रश्न कार्डाचा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ मराठी सीमागावांना आपली आरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारने हरकत घेतली, आणि पेशंट दोन राज्यांच्या दोन काउंटरवर. इकडच्या, कर्नाटकच्या योजनेच्या काउंटरवर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी मागतात. ती मिळेपर्यंत तुमच्या १२ तासांतले चार गेले. त्यात संमतीपत्र कन्नडमध्ये. पोराला वाचता येत नाही, सही करतो.

हुक्केरीकर
सिस्टर, दर धाग्यात सीमावाद आणायचाच का? कर्नाटकातला दवाखाना आहे, कागद कन्नडमध्येच असणार. तोंडी सांगतात की मराठीत. राजकारणाने पोट शिवून निघत नाही.

अथणीची_सिस्टर
राजकारण तुम्ही म्हणताय. मी सहीबद्दल बोलतेय. "आता थांबून बघतो, पण बारा तासांत कधीही ऑपरेशन लागेल" हे कागदावर आहे, आणि नातेवाईकाला तोंडी एवढंच कळलंय की "ऑपरेशन टळलं." पहाटे चारला पोट फुगलं की तोच नातेवाईक म्हणतो, काल ऑपरेशन नको म्हणाला होतात, आज कसं? गावाकडून काका येईपर्यंत सही नाही. तासभर जातो, दोन तास जातात. तुम्हाला यात भाषेचा अभिमान दिसतो, मला थंड पडलेले हातपाय दिसतात.

हुक्केरीकर
अभिमान मी काढला नाही, तुम्ही काढलात. डॉक्टरने नीट समजावलं नाही, तर तो दोष डॉक्टरचा. लिपीचा नाही.

बेळगावी_गॅस्ट्रो
दोघंही थांबा. सिस्टरचं म्हणणं उपचाराशीच जोडलेलं आहे. डेन्मार्कच्या २,६६८ पेशंटच्या नोंदींत असं निघालं की अल्सर फुटल्यावर ऑपरेशनला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे सहीसाठी गेलेले तीन तास फुकटचे नव्हेत. संमती दोन्हीची एकदमच घ्यावी, थांबण्याची आणि लागलं तर ऑपरेशनची, नातेवाईकाच्या भाषेत आणि त्याच्या तोंडून परत वदवून. कागद कन्नडमध्ये असला तर खाली चार ओळी मराठीत लिहायला कुणाची बंदी नाही. हुक्केरीकर, तेवढं तर मान्य कराल?

हुक्केरीकर
चार ओळींना माझी हरकत नव्हतीच.

निपाणीकर_सर्जन
गॅस्ट्रो साहेब, मग मुद्दा तुमच्याच तोंडून आला. सीटी आणि रात्रभर जागा सर्जन असेल तिथे निवडक पेशंट थांबवा, माझी ना नाही. जिथे यातलं काही नाही, तिथे थांबणं म्हणजे उपचार नव्हे, उशीर.

बेळगावी_गॅस्ट्रो
तालुक्यापुरतं मान्य. माझ्या वॉर्डापुरतं नाही. आणि बुजलेल्या अल्सरचं पुढे काय, हे तुम्हीही लिहिलं नाहीत. सहा आठवड्यांनी एंडोस्कोपी करायचीच. जठराचा व्रण असेल तर तुकडे तपासायचे, कारण तुमच्याच हाँगकाँगच्या चाचणीत कॅन्सर निघाले. एच. पायलोरी हा अल्सर करणारा जंतू तपासून संपवायचा. विडी-तंबाखू बंद. आणि निपाणी भागात विड्या वळून पाठ-मान धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची पट्टी आणतात, ती आधी थांबवा. नाहीतर तेच छिद्र पुन्हा.

अथणीची_सिस्टर
पाठवताना चिठ्ठीत हेही लिहा ओ: दुखणं किती वाजता सुरू झालं, नळी कितव्या नंबरची आणि त्यातून किती मिली आलं, तासाला लघवी किती, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता, स्टिरॉइड चालू होतं का. स्टिरॉइडवाल्याचं पोट फुटूनही मऊ लागतं. बहुतेक चिठ्ठ्यांवर फक्त "पोटदुखी, पुढील उपचारासाठी" एवढंच असतं.

निपाणीकर_सर्जन
आणि नळी चालू ठेवूनच गाडीत घाला. क्लॅम्प लावून पाठवू नका.