शब्दचर्चा (बोलणाऱ्याच्या नावाऐवजी गाव दिलंय) : मज्जा भावाची, मग ‘स्वयं’ कुणाचं?

खानापूर : भाच्याला थॅलेसेमिया, रक्ताचा जन्मजात आजार. मागल्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाची मज्जा घेऊन प्रत्यारोपण झालं. आठ महिने बरे गेले, मग डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, हिमोग्लोबिन ५.८. रिपोर्टात ‘ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया’, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच तांबड्या पेशी फोडते तो आजार. अक्काला मराठीत सांगायचं म्हणून शोधलं तर ‘स्वयंप्रतिकार’ मिळाला. ती म्हणाली, “स्वतःच प्रतिकार करतोय म्हणजे चांगलंच की!” तिचं काय चुकलं? स्वयंसेवक स्वतःहून सेवा करतो, स्वतःची नव्हे (किमान तशी करू नये). दुसरा शब्द आहे का?

निपाणी : जीव्हीएचडीच (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज, प्रत्यारोपणानंतरचा त्रास) असेल ते. एका माहितीपत्रकात त्याला ‘कलम विरुद्ध यजमान’ लिहिलेलं. शेजारच्या काकूंनी वाचलं आणि घाबरून विचारलं, “कुणाच्या यजमानांना काय झालं?” कन्नडातही यजमान म्हणजे घरधनीच.

खानापूर : नाही सर, दोन्ही वेगळे. जीव्हीएचडीत दात्याच्या टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) रोग्याच्या कातडीला, आतड्याला, यकृताला परकं समजून मारतात. तळहातावर पुरळ, जुलाब, कावीळ. ते भाच्याला सुरुवातीला थोडं होऊन गेलं. आता त्याच्या अंगातल्या तांबड्या पेशीसुद्धा भावाच्याच मज्जेतल्या (रक्तगट बी होता, ओ झाला), आणि त्यांना मारणारी प्रतिपिंडंही (अँटीबॉडीज) त्याच मज्जेच्या पेशींनी केलेली. कूम्ब्स चाचणीत ती तांबड्या पेशींना चिकटलेली सापडली.

चिकोडी : माझी रोपवाटिका आहे. डॉक्टरकीतलं काही कळत नाही खरं, पण कलम कळतं. खालचा तो खुंट, वरची ती काडी. ‘कलम विरुद्ध खुंट’ म्हणा की, यजमान कशाला मध्ये? कन्नडात आंब्याचं कलम ‘कसी’ आणि मज्जेचं प्रत्यारोपणही ‘अस्थिमज्जे कसी’. आमचं कलम फसलं तर काडी वाळते आणि खुंट फुटून येतो. तुमच्या जीव्हीएचडीत काडीच खुंटाला खाते, एवढाच फरक.

शहापूर, बेळगाव : ‘स्वयं’मध्ये कर्ता आपण असतो : स्वयंभू, स्वयंवर. ‘आत्म’ला कर्मही आपणच चालतं : आत्मघात, आत्मनिंदा. म्हणून ‘आत्मघाती प्रतिकार’ सुचवतो. लांब आहे, मान्य. बॉम्ब आठवतो, तेही मान्य. पण अक्कांना “चांगलंच की” वाटणार नाही.

निपाणी : माझी चूक झाली. मग सरळ ‘कुंपणानंच शेत खाल्लं’ म्हणा. कन्नडात तेच आहे, ‘बेलिये एद्दु होल मेय्दंते’.

खानापूर : काल सांगितलं. अक्कानं विचारलं, “कुंपण कुणाचं?” थोरल्याचं. “आणि शेत?” त्या पेशींपुरतं तेही आता थोरल्याचंच. “मग थोरल्याच्या अंगात का खाईना?”

मी गप्प. आज डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोरल्याच्या पेशी आपलं-परकं लहानपणापासून शिकत आल्या. तीच मज्जा इथं परमुलखात नव्यानं शिकायला बसली. त्यात किमोनं शिकवणारी ग्रंथी दुखावलेली आणि वर प्रतिकार दाबायची औषधं चालू, म्हणून शिकण्यात गफलत होते. छातीतल्या त्या थायमस ग्रंथीला मराठीत काय म्हणतात ते विचारायचं राहिलं.

वहीत मी ‘आत्मघाती प्रतिकार’ लिहून ठेवलंय. प्रेडनिसोलोन, हा प्रतिकार दाबणारी गोळी, चालू आहे. अक्का सकाळी फोनवर विचारत होती, “कुंपणाची गोळी जेवल्यावरच द्यायची न्हवं?”