विषय: शाळांच्या मर्जरचं मतदान: 'हो' की 'नाही'?

प्रेषक: नवी सभासद, टेकडीवरची

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हिशेबाचा धागा चालू असताना मध्येच वेगळं काढते, क्षमस्व. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या नि त्यासाठी टॅक्स लावणाऱ्या स्थानिक संस्थेचं, पोस्टकार्ड आलंय. शेजारच्या, तळ्याकाठच्या डिस्ट्रिक्टबरोबर मर्जर (विलीनीकरण) करायचं का, यावर पुढच्या महिन्यात मतदान आहे. लेक चौथीत आहे, मी वसंतात अमेरिकेची नागरिक झाले, म्हणजे हे माझं इथलं पहिलंच मत. शेजारीण म्हणते "नाही" म्हण, बसचा ड्रायव्हर म्हणतो "हो" म्हण. पोस्टकार्डावर एवढंच आहे की राज्य भरपूर पैसे देणार. जुन्याजाणत्यांनी जरा उलगडून सांगाल का?

---

प्रेषक: काका

सूनबाई, नमस्कार.

न्यूयॉर्क राज्यात अठ्ठावीस वर्षं काढली, आजूबाजूची अशी दोन-तीन लग्नं ठरताना नि मोडताना पाहिली, म्हणून लिहितो.

आधी क्रम समजून घ्या. दोन्ही डिस्ट्रिक्टच्या बोर्डांनी (कारभारी मंडळांनी) मिळून अभ्यास करवून घेतला, त्याचा जाडजूड अहवाल लायब्ररीत ठेवलाय. आता होतंय ते पहिलं मतदान म्हणजे नुसता कौल, देवळात लावतात तसा. दोन्हीकडे उजवा पडला तरच पुढे राज्याच्या शिक्षण आयुक्तांच्या आदेशाने खरं, बंधनकारक मतदान. आणि ही गोष्ट गाठ मारून ठेवा: दोन डिस्ट्रिक्टच्या मतांची बेरीज करत नाहीत. प्रत्येकीकडे स्वतंत्र बहुमत लागतं. तुमच्याकडे दहाला नऊ "हो" म्हणाले आणि इकडे दोन मतांनी "नाही" आलं, तर विषय संपला.

आता पैसे. मर्जर केलं की राज्य जादा ऑपरेटिंग एड, म्हणजे शाळांच्या रोजच्या खर्चासाठीचं अनुदान, देतं: पहिली 5 वर्षं 40 टक्के, मग दरवर्षी 4 टक्क्यांनी उतरत उतरत पंधराव्या वर्षी शून्य. आणि हे 40 टक्के आजच्या एडवर नव्हे, 2006-07 सालच्या एडच्या आकड्यावर मोजतात. पोस्टकार्डावर हे छापत नाहीत.

दुसऱ्या बाजूला पगार. दोन शिक्षक-संघटना, दोन कॉन्ट्रॅक्ट. एकत्र आल्यावर कमी पगारवाले वर चढतात. जास्तवाले खाली आलेले मी तरी पाहिले नाहीत. एड उतरते, पगार उतरत नाहीत. माहेरून आलेल्या पैशावर संसाराची घडी बसवली की सहाव्या वर्षी काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

शेवटचं, टॅक्स. नव्या डिस्ट्रिक्टचा दर एकच होणार. समजा एका बाजूला घराच्या किमतीच्या दर हजाराला 19 डॉलर आहेत, दुसरीकडे 14, आणि एकत्र दर 17 वर आला. 2 लाखांच्या घराला एकाचे वर्षाला 400 वाचतील, दुसऱ्याला 600 चढतील. एवढ्याचसाठी का करायचं हे सगळं? मी "नाही" म्हणणार.

---

प्रेषक: डॉक्टरवहिनी

काका, हिशेब चोख आहे, पण तुमचं घर तळ्याकाठी, त्या 14 वाल्या बाजूला आहे, हे लिहायचं राहिलं का?

माझा मुलगा अकरावीत आहे. वर्गात तेवीस मुलं. फिजिक्स शिकायचं तर रिकाम्या खोलीत स्क्रीनसमोर बसायचं, शिक्षक साठ मैलांवर. कॅल्क्युलस यंदा नाही, कारण तीनच मुलांनी नाव दिलं. बँडमध्ये सगळे मिळून नऊ. फुटबॉलची टीम तर दोन्ही शाळांची कधीच एक झालीय, त्यात कुणाची अस्मिता दुखावली नाही, हे विशेष. मला टॅक्सचे 400 नकोत, मला फिजिक्सची बाई हवी.

आणि छोट्या डिस्ट्रिक्टना एकत्र येऊन खरंच फायदा होतो. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 1985 ते 1997 मधली या राज्यातली ग्रामीण मर्जरं तपासली होती. तीनतीनशे मुलांच्या दोन डिस्ट्रिक्ट एकत्र आल्या तर बचत चांगली होते. दीड-दीड हजारांच्या असतील तर खूपच कमी. आपल्या दोन्ही तीनशेच्या आसपासच्या आहेत.

याच राज्यातल्या ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांत एलिझाबेथटाउन-लुईस आणि वेस्टपोर्ट या डिस्ट्रिक्टचं मर्जर 2019 साली झालंच ना! नवं नाव बोकेट व्हॅली. एकीकडचा सिंह, दुसरीकडचा गरुड, म्हणून मॅस्कॉट (शाळेचं मानचिन्ह) झाला ग्रिफिन: धड सिंहाचं, तोंड गरुडाचं. आपल्या नरसिंहासारखंच की.

---

प्रेषक: ग्रीन कार्डवाला

मी एक विचारू? सप्टेंबरात स्कूल टॅक्स मी भरतो, दोन्ही मुलं याच शाळेत, आणि मत नाही. तळ्याकाठच्या बंगल्यांत जुलै-ऑगस्टमध्ये राहायला येणाऱ्यांनाही नाही म्हणे, कारण त्यांचा कायमचा पत्ता शहरातला. म्हणजे मी आणि ते करोडपती एकाच रांगेत! एरवी असा योग कुठला यायला.

---

प्रेषक: चिटणीस

मंडळ म्हणून आपण कुठलीही बाजू घेणार नाही, चर्चा मात्र खुशाल चालू द्या.

माझी बहीण भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "शाळा एकत्र करायची का, हे गावाला विचारतात?" 2023 मध्ये आपल्याकडे 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे अशा शाळा मिळून एक मोठी करण्याचे, प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण पुढे ठेवून. गावाने फार तर ग्रामसभेत ठराव करायचा. पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, हा नियम मात्र तिथे कागदावर आहे. इथे अंतराची हमी कोण देतंय? मतपत्रिकेवर बसच्या वेळेबद्दल अक्षरही नाही.

---

प्रेषक: काका

वहिनी, पकडलंत. घर 14 वाल्या बाजूलाच आहे, आणि नातवंडं बॉस्टनला.

फिजिक्सचा मुद्दा मान्य. पण मग बोर्डाला हेच विचारा: जादा एडमधून किती रक्कम नव्या विषयांना, किती टॅक्स कमी करायला, किती राखीव? लेखी उत्तर मिळालं तर मी "हो" म्हणेन. टॅक्स कमी करून टाळ्या घ्यायच्या आणि सहाव्या वर्षी बँड बंद करायचा, हे मला बघायचं नाही. इलियन आणि मोहॉक या डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन 2013 ला सेंट्रल व्हॅली झालं, त्याआधी हर्किमरही चर्चेत होतं. तेव्हाही प्रत्येक सभेत भांडण मॅस्कॉटवरून सुरू व्हायचं नि संपायचं पैशांवर.

---

प्रेषक: नवी सभासद, टेकडीवरची

सगळ्यांचे आभार. डिस्ट्रिक्ट क्लार्कला (मतदानाचं कामकाज बघणाऱ्या कारकुनाला) फोन केला. नागरिक, वय 18 पूर्ण, आणि मतदानाआधी 30 दिवस इथलं वास्तव्य. झालं, माझं मत पक्कं. म्हणजे मत देण्याचा हक्क पक्का, काय द्यायचं ते अजून नाही.

जाहीर सभेत दोन प्रश्न विचारणार आहे. काकांचा पैशांच्या वाटणीचा, आणि माझा स्वतःचा: चौथीतल्या मुलीची बस सकाळी किती वाजता येईल आणि किती वेळ चालेल? आत्ताच ती पावणेसातला दारात उभी असते, थंडीत अंधारात.

सभा गुरुवारी संध्याकाळी 7 वाजता, आमच्या हायस्कूलच्या जिममध्ये. माझ्या गाडीत दोन जागा आहेत. वहिनी, तुम्ही याच. काका, तुम्हालाही घेते, पण बसायला दोन्ही डिस्ट्रिक्टचे बाक वेगळे मांडलेत म्हणे.