आईवडिलांना क्रूझवर न्यावं की नको? नाशिककरांनी मत द्या

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ग्रुपवर परवा वाद झाला. सत्तरीच्या आसपासच्या आईवडिलांना क्रूझवर नेणं म्हणजे उधळपट्टी, तेवढ्या पैशात चारधाम होईल असं बहुतेकांचं म्हणणं. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे लिहितोय, विरोधात असाल तर मुद्द्याने बोला.

गुडघे गेलेल्या माणसाला बसच्या टूरवर नेऊन बघा एकदा. पहाटे साडेपाचला उठा, बॅग भरा, बसच्या उंच पायऱ्या चढा, वाटेत टॉयलेट शोधा, ते बरं नसेल तर पाणीच पिऊ नका, रात्री नव्या हॉटेलात परत बॅग उघडा. बाबा चार दिवसांनी घरी आले की आठवडाभर पाय शेकत बसतात. बोटीवर बॅग एकदाच उघडायची आणि गाव आपोआप बदलतं. लिफ्ट आहे, जेवण वर तयार आहे, संध्याकाळी नाटक-गाणी आहेत, दमलं की दहा मिनिटांत आपल्या पलंगावर. आणि आपल्याला लांब जायची गरजच नाही, मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस गोवा, कोची, लक्षद्वीपला जाते. १९९० ची बोट आहे, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होती, साधारण ४८ हजार टनांची. आताच्या आयकॉन ऑफ द सीजसारख्या बोटी जवळपास अडीच लाख टनांच्या, तिथे जेवणाच्या हॉलपर्यंत पोचतानाच म्हातारं माणूस दमेल. ज्येष्ठांना लहान बोटच बरी.

सह्याद्रीचा_भटक्या
पूर्ण असहमत. पहिली गोष्ट, जाहिरातीत दिसतो तो आकडा आणि शेवटी कार्डावरून जातो तो आकडा यांची भेटच होत नाही. 'अमुकपासून सुरू' असं लिहिलेलं असतं ती बिनखिडकीची आतली खोली, तीही दोघांनी शेअर केली तर. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, मग वायफायचे वेगळे, ड्रिंक्सचे वेगळे, बंदरावर उतरून फिरायचं तर त्याचे वेगळे. परदेशी बोटींवर तर टिप म्हणून रोज माणशी १५ ते २० डॉलर बिलात आपोआप लागतात, पाच वर्षांच्या पोरालाही.

दुसरं, बघायला काय मिळतं? गोव्याला बोट लागते मुरगावला, तिथून पणजी ३० किलोमीटर. जायचं, यायचं, बोट सुटायच्या आधी परत आत जायचं, हातात राहतो अर्धा दिवस. युरोपात तेच, तिकिटावर 'रोम' लिहितात आणि उतरवतात चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. याला गाव बघणं म्हणत नाहीत. तेवढ्या पैशात आईबाबांना घेऊन आठवडाभर गुहागर, हर्णै, तारकर्ली करा, एकाच घरगुती ठिकाणी तळ ठोका. बॅग तिथेही एकदाच उघडते. समुद्र तोच आहे की.

पंचवटीकर
दादा, गाव बघायलाच जायचं असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण माझ्या बाबांना मंदिराच्या दोनशे पायऱ्या आता चढायच्याच नाहीयेत. त्यांना बसून समुद्र बघायचाय आणि आजूबाजूला माणसं हवीत. पोर्टवर उतरलंच पाहिजे असा कायदा नाही, सगळे उतरतात तेव्हा बोट रिकामी असते, तेव्हा स्विमिंग पूलच्या कडेला निवांत बसता येतं.

आर्वी
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय जो इथे कोणीच मांडत नाहीये. घरगुती ठिकाणी तळ ठोकला की आई काय करते माहितीये का? सकाळी उठून चहा टाकते. मालकीणबाई नको म्हणत असतात तरी आत जाऊन भाकरी थापते, 'त्यांना एकटीला किती काम पडतं' म्हणते. अपार्टमेंट घेतलं तर विचारूच नका, मेथी निवडायलाच बसते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिने सगळ्यांच्या सुट्टीत स्वयंपाक केला तिला अशा जागी न्यायला हवं जिथे तिला स्वयंपाकघर सापडणारच नाही. बोटीवर ते शक्य होतं. माझ्या सासूबाई बोटीवर तीन दिवस फक्त बसून होत्या, दुपारी झोपल्या, संध्याकाळी दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या बायकांबरोबर डेकवर गप्पा मारत होत्या, जेवायला बोलवायला मला जावं लागायचं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलेलं नव्हतं. पैसा वसूल म्हणजे नक्की काय हो? आणि जेवणाची भीती असेल तर सांगते, मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर व्हेज आणि जैन जेवण मिळतं, सिंगापूरहून सुटणाऱ्या जेंटिंग ड्रीमवरसुद्धा भारतीय आणि जैन जेवणाची सोय आहे. उपवास असेल तर मात्र घरून राजगिऱ्याचे लाडू घेऊन जा, पॅकबंद न्या, घरी केलेलं गेटवर काढून घेऊ शकतात.

सह्याद्रीचा_भटक्या
ताई, तुमचा मुद्दा मान्य आहे, खरंच मान्य आहे. पण हे घरातल्या पुरुषांनी भाकरी थापूनही होऊ शकतं, त्याला बोटच कशाला लागते.

आर्वी
थापणार असाल तर उद्यापासूनच सुरू करा दादा, बोट नंतर बघू.

निफाडचा_बागाईतदार
आमच्यासारख्यांचं कुणी बोलणार आहे का? सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची गोडी छाटणी, तेव्हापासून रोज औषधं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मग फेब्रुवारी-मार्चात खुडा, व्यापाऱ्याच्या मागे लागणं, एप्रिलमध्ये खरड छाटणी. मोकळे होतो आम्ही भर पावसाळ्यात आणि तेव्हा मुंबईहून बोट बंद, ती जाते चेन्नईकडे. आमची द्राक्षं कंटेनरमधून न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातात, आम्ही मात्र अजून बोटीवर पाय ठेवलेला नाही. वडिलांना लय इच्छा आहे.

बोटीवरचा_माणूस
मी काही वर्षं बोटीवर हॉटेल डिपार्टमेंटला काम केलंय, आता अंबडला आहे. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय म्हणून लिहितो.

बागाईतदार भाऊ, आधी तुम्हाला. पावसाळ्यात बोट चेन्नईकडे जाते ते बरंच आहे, जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात वयस्कर माणसाला नेऊच नका. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन रात्रींपुरतं भावाच्या हाती बाग देऊन निघता आलं तर बघा, तेव्हा समुद्र बहुतेक वेळा शांत असतो.

पंचवटीकर, लहान बोट चालायला बरी हे खरं पण लहान बोट जास्त हलते. मोठ्या बोटीचं वजन लाट अंगावर घेतं. दोन्हीला बाजूने पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्याने डोलणं कमी होतं, बंद होत नाही. त्यामुळे केबिन घेताना बाल्कनीच्या नादाने एकदम वरच्या मजल्यावर, टोकाला घेऊ नका. मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं. लिफ्टच्या जवळ पण लिफ्टला चिकटून नको, रात्रभर लोकांचा आवाज येतो. वर नाचगाण्याचा हॉल नाही ना हे डेकच्या नकाशात बघून घ्या. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराची केबिन वेगळी असते, ती मोजकीच असतात, बुकिंग करतानाच सांगा. आणि लक्षद्वीपची ट्रिप गुडघे दुखणाऱ्यांसाठी निवडू नका. तिथे एवढी मोठी बोट धक्क्याला लागत नाही, लांब नांगर टाकते, मग हलत्या छोट्या होडीत पाय टाकून उतरावं लागतं. वारा असला तर तेही रद्द, आणि पैसे परत मिळतील अशी आशा ठेवू नका.

मनमाड_लाईन
माझी आई मूळची रेवस भागातली. तिच्या समोर बोटीचं नाव काढलं की 'रामदास' येतेच, १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. तिच्या माहेरच्या घरातलंही माणूस होतं त्यात. तिला मी काय सांगू, हे मजेचं ठिकाण आहे म्हणून? काही माणसांना नाही जमत, त्यांच्यावर सरप्राइज म्हणून तिकीट लादू नये एवढंच माझं म्हणणं.

बोटीवरचा_माणूस
आईंची भीती खरी आहे, तिला खोटं म्हणू नका. रामदास भर पावसाळ्यात निघाली होती आणि लाटेने कलंडली. आता जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा काँकॉर्डिया खडकावर गेली, ३२ लोक गेले, त्यानंतर नियम कडक झाला, बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या सगळ्या प्रवाशांचं सेफ्टी ड्रिल झालंच पाहिजे. आपले लोक त्या वेळी बफेच्या रांगेत उभे असतात, फार वाईट सवय आहे. आईवडिलांना घेऊन ड्रिलला जा, लाइफ जॅकेट कुठे, कुठल्या दाराने जायचं ते त्यांना स्वतः चालून दाखवा. भीती त्यानेच थोडी कमी होते.

आणि टिपबद्दल बोलले कोणीतरी. नियमाने कामगाराला २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी, म्हणजे १४ तासांपर्यंत काम चालतं, आठवड्याची सुट्टी नाही, सहा ते नऊ महिने घर नाही. तुमची खोली साफ करणारा पोरगा गोव्याचा नाहीतर आपल्याच भागातला असू शकतो. त्याला द्या.

इंदिरानगरची_डॉक्टर
बोट लागते त्यावरच्या गोळ्यांबद्दल. ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते, आणि तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या काकांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मेडिकलवाले सांगत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग चेकइनला जाते आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत.

आता माझं मत, आणि ते पंचवटीकरांच्या विरोधात आहे. बोटीवर डॉक्टर असतो म्हणून निश्चिंत राहता येत नाही. तिथे पेशंटला स्थिर करण्याइतकी सोय असते, अँजिओप्लास्टी होत नाही, आणि बिल वेगळं लागतं. मुंबई-गोवा ठीक आहे, किनारा जवळ असतो. पण ज्यांना गेल्या काही महिन्यांत स्टेंट टाकलाय त्यांना सलग दोन दिवस नुसता समुद्र असलेल्या मार्गावर नेऊ नका. परदेशी क्रूझ असेल तर विमा असा घ्या ज्यात बोटीवरून उचलून हॉस्पिटलात नेण्याचा खर्च धरलाय. शिवाय बंद जागेत नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) फार पटकन पसरतो, त्याला सॅनिटायझर फारसं लागू पडत नाही, साबणाने हात धुवा, बफेच्या चमच्याला हात लावल्यावर तर नक्कीच. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेसवर ३७०० पैकी सातशेहून जास्त लोकांना कोविड झाला होता, एका बोटीवर.

गोदाकाठ
एवढ्या चर्चेत पाण्याबद्दल कोणी बोलेना. इटली सरकारने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना व्हेनिस शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात यायची बंदी घातली. जहाजाच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा २०२० ला साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली, म्हणजे तोवर काय जळत होतं विचार करा. आता लक्षद्वीपच्या प्रवाळाजवळ दीड-दोन हजार माणसं एका दिवशी उतरवायची? तिथे पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून घ्यावं लागतं. आपण गोदावरीसाठी सह्या गोळा करतो आणि सुट्टीत दुसऱ्याच्या पाण्यावर जातो हे मला पटत नाही. आईवडिलांना घेऊन गोव्याच्या बोटीला जा, बेटांवर नका जाऊ, एवढी विनंती.

सह्याद्रीचा_भटक्या
+१. आणि डॉक्टर ताईंचं वाचून माझं मत अजून पक्कं झालं. तरी एक विचारतो, आमच्या काकांना जायचंच आहे, ऐकत नाहीयेत. नाशिकहून त्याच दिवशी निघून बोट मिळते का?

पंचवटीकर
मिळते पण गाडीने त्याच दिवशी जायचा धोका अजिबात पत्करू नका. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत झाला म्हणून लोक खूश आहेत, खरी कोंडी त्याच्या पुढे भिवंडी-ठाण्यातच असते. बोट विमानासारखीच, थांबत नाही, आणि गेट बोट सुटायच्या बरंच आधी बंद होतं. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडा, अकराच्या सुमारास सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियरचं टर्मिनल टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. काका जास्त थकत असतील तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम. परतीला बोट सकाळी लागते पण उतरेपर्यंत तपोवन एक्सप्रेस निघून गेलेली असते, तेव्हा टॅक्सी तरी सांगून ठेवा नाहीतर संध्याकाळच्या पंचवटीचं रिझर्व्हेशन करा. आधार ओरिजिनल न्या.

डॉक्टर ताई, स्टेंटचा मुद्दा मान्य, तो मी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकतो. पण भटक्या दादा, काकांना जायचंय ना, मग आता खालच्या डेकची मधली केबिन बघा, डिसेंबरच्या सुट्ट्यांत रेट वाढतात.

सह्याद्रीचा_भटक्या
बघतो. पण मी नाही जाणार त्यांच्याबरोबर, चुलतभाऊ जाईल. मी तोवर काकूंना घेऊन गुहागरला.

आर्वी
काकूंना विचारलंत का, त्यांना कुठे जायचंय ते?