फुलपाखरू मोजताना तेच परत आलं तर दोनदा धरायचं का?

गुळाचा दिवाणजी

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात एका अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होतो, आता घरीच असतो. आयुष्यभर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजल्या. हमाल रवा उतरवायचा, मी वहीत काडी मारायचो, पाचवी आडवी. शेतकऱ्याचा आकडा आणि माझा आकडा जुळला नाही असं क्वचित झालं.

आता लेकीनं मला न विचारता माझं नाव देवगडकडच्या फुलपाखरू मोजणीत घातलंय. "अण्णा, मीपण येतो, तुम्ही नुसतं मोजा, बाकीचं मी बघतो," म्हणाली. (बाहेरच्यांसाठी : कोल्हापुरात पोरी असंच बोलतात, चूक नाही ती.) पुढच्या रविवारी कुणकेश्वरापासून मीठमुंबरीकडं किनाऱ्यानं चालायचं आणि दिसेल ते फुलपाखरू लिहायचं. हातात एक कागद आलाय. त्यावर फक्त "जात" आणि "संख्या" असे दोन रकाने.

अडचण अशी की रवा एकदा थप्पीला लागला की लागला, तो उठून परत गाडीत जात नाही. परवा सराव म्हणून रंकाळ्याच्या काठाला एका घाणेरीच्या जाळीजवळ उभा राहिलो. पिवळं आलं, गेलं. दोन मिनिटांनी परत पिवळं. असं करत सात काड्या झाल्या. पण अंबाबाईची शपथ घालून कुणी विचारलं तर ते एकच असेल असंही म्हणावं लागेल. मग सात लिहायचं का एक?

शिवाय ओळख पटत नाही. लेकीनं पुस्तकातलं काळं-लाल दाखवलं, तीन वेगवेगळ्या पानांवर तीन वेगळी नावं, आणि मला तिन्ही सारखीच दिसतात. खोटा आकडा लिहून द्यायची सवय नाही हो. नाव काढून घ्यावं का?

पन्हाळा रोड

काका, सोपं आहे. प्रत्येकाला हळदीचा टिळा लावून सोडायचं. टिळेवालं परत आलं की धरायचं नाही. काय विषय नाही.

सड्यावरची

वरच्यांकडं लक्ष देऊ नका काका, आणि नाव अजिबात काढू नका. तुमच्यासारखा शंका घेणारा माणूसच मोजणीला हवा असतो. मी चार-पाच वर्षं जाते, पहिल्या वर्षी मलाही हाच प्रश्न पडला होता.

उभं राहून मोजणं आणि चालत मोजणं यांचे नियम वेगळे आहेत. इंग्लंडात २०१० पासून उन्हाळ्यात पंधरा मिनिटांची मोठी लोकमोजणी होते. तिथं एका जागी उभं राहिलात तर एका वेळी जास्तीत जास्त किती दिसली तेवढीच लिहायची. म्हणजे रंकाळ्यावर एका वेळी दोन पिवळी दिसली असतील तर दोन. एकच दिसत होतं तर एक. तुमच्या सात काड्या पुसा.

चालताना मात्र बेरीज करत जायचं. त्यासाठी अंगाभोवती एक अदृश्य खोका धरतात : डावीकडं अडीच मीटर, उजवीकडं अडीच मीटर, समोर पाच मीटर. त्या खोक्यात आलं तेवढंच तुमचं. मागं राहिलं ते सोडून द्यायचं, वळून बघायचं नाही, आणि चाल एकसारखी ठेवायची. पोलार्ड नावाच्या इंग्रज संशोधकानं ही पद्धत १९७० च्या दशकात बसवली, म्हणून तिला पोलार्ड वॉक म्हणतात. तेच फुलपाखरू तुमच्यासोबत पुढं पुढं उडत चाललंय असं स्पष्ट दिसलं तर एकदाच. नाहीतर प्रत्येक वेळी काडी.

आणि हा तुमच्या रव्यांसारखा साठा नाही. किनाऱ्यावर एकूण किती आहेत ते कुणालाच मोजता येत नाही. त्याच वाटेवर, त्याच रीतीनं दरवर्षी मोजलं की वाढ-घट कळते. बाजारात एकूण गूळ किती ते माहीत नसलं तरी तुमच्या दुकानातली आवक गेल्या साली किती, यंदा किती, हे कळायचं ना, तसं.

आता काळं-लाल. कॉमन रोज आणि क्रिमझन रोज ही दोन विषारी, त्यामुळं पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मनची मादी बिनविषारी, पण या दोघांची नक्कल करून हिंडते. पंख बघू नका, अंग बघा. अंग लाल तर रोज, अंग काळं तर मॉर्मन. एवढं जमलं तरी पुष्कळ. नाही कळलं तर "काळं-लाल, अनिश्चित" लिहायचं, त्यात कमीपणा नाही.

कलमवाला

मी देवगडचाच. कोल्हापूरहून गगनबावड्यानं येणार असाल तर पहाटेच निघा, नाहीतर मोजणी घाटातच उरकावी लागेल. सकाळी ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरू हलत नाही, आणि अकराच्या सुमारास खारा वारा धरला की उघड्या पुळणीवर काही टिकत नाही. मधले दोन तास काय ते तुमचे.

वाळूकडं बघत बसू नका. कडेची रुई बघा, तिथं प्लेन टायगर अंडी घालतं. त्याच्यासारखंच दिसणारं डॅनेड एगफ्लाय म्हणून आहे, त्याची मादी अगदी हुबेहूब. मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर टायगर, कडेला एकच असेल तर एगफ्लाय.

परत जाताना कोणाच्या तरी आंब्या-काजूत शिरा (विचारून!). कॉमन बॅरनची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पडून असते की तिच्या पाठीवरची पिवळी रेघ आणि पानाची शीर एक होते. मी स्वतः कलमं राखतो, तरी मला दहा वेळा बघून एकदा दिसते.

गुळाचा दिवाणजी

जाऊन आलो. वेळेवर पोचलो, घाटात धुकं होतं तरी. सगळ्यांचे आभार, हळदवाल्यांचेसुद्धा.

सड्यावरची ताई, खोक्याचं पटलं. मी घरून आठ फुटी दोरी नेली होती, दोन्ही बाजूंना टाकून आधी डोळ्यात अंदाज बसवला. लोक हसले, पण नंतर दोघांनी दोरी मागून घेतली. मी बोलायचं, लेकीनं लिहायचं असं ठरलं. नऊ पाचला सुरुवात, पावणेअकराला वारा सुटला तसं बंद.

प्लेन टायगर ११, ठिपके मोजून. क्रिमझन रोज ३, अंग लालभडक, शंकाच नाही. काळ्या अंगाची मॉर्मन मादी १. पिवळी १९, त्यांची जात अनिश्चित. माडांच्या वाडीत एक ब्लू मॉर्मन दिसलं, २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे म्हणे. ते त्याच दोन माडांमधून फेऱ्या मारत होतं. लेक म्हणाली तीन लिहितो. मी म्हणालो, समोर उभं राहून बघतोय आपण, एकच लिही. लिहिलं.

मधल्या एका पट्ट्यात नुसती वाळू आणि मर्यादवेल. वीस मिनिटं चाललो, काही नाही. पोरं म्हणाली हा पट्टा कागदावर घेऊया नको, वाईट दिसतं. यावर मात्र मी भांडलो. व्यवहार झाला नाही म्हणून त्या दिवसाचं पान फाडतो का आपण? वेळ लिहिली, ऊन लिहिलं, पुढं शून्य.

कलमवाले, तुमची अळी सापडली. काजूच्या पानावर होती. खरं तर लेकीलाच दिसली, मी तिच्या बोटाकडं पाच मिनिटं बघत होतो. आता कागदावर अळीला रकानाच नाही. मी मागच्या बाजूला वेगळी नोंद घातलीय : अळी, नग १. चालेल ना?