मदत हवी आहे : आईच्या हाताची साल परत निघाली, काय लावू?

कळंबाकर :
परवा आईच्या हाताचं कातडं सोललं. काल पट्टी बदलली तर शेजारचंही निघालं. रोज बीटाडिन लावतोय, फरक शून्य. मलमाचं फक्त नाव सांगा. दवाखान्यात न्या म्हणणार असाल तर लिहू नका, आई दोन मजले उतरत नाही.

रंकाळाकाठ :
वय? शुगर? रक्त पातळ करायच्या गोळ्या? सोललं कशानं?

कळंबाकर :
८१. शुगर नाही, तसल्या गोळ्याही नाहीत. कॉटवरून उठवताना मनगट धरलं, तेवढंच.

उद्यमनगरी :
एअरबेड घ्या, पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. भाड्यानं मिळतो. आमच्या आप्पांची पाठ वाचली.

कळंबाकर :
पाठ ठीक आहे. हात विचारलाय.

तांबडा_रस्सा :
कुस्तीच्या हौद्यातली माती लावा की वो. हळद, ताक, तेल मुरलेलं असतंय. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग कुस्ती मैदान बांधलं तवापासनं पैलवान मातीतच बरे हुत्यात.

निवृत्त_सिस्टर :
भावा, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. पैलवानाची कातडी वेगळी, आजींची कांद्याच्या पापुद्र्यासारखी. कळंबाकर, पट्टी चिकट आहे का? बाकी गोळ्या कुठल्या?

कळंबाकर :
चिकटच. मेडिकलवाल्यानं दिली. दम्याची गोळी १२ वर्षं आहे, त्याचा काय संबंध?

निवृत्त_सिस्टर :
हे आत्ता सांगताय! स्टिरॉइड असेल तर कातडी पातळ होते. मनानं बंद मात्र करू नका. बीटाडिन रोज नको. सलाईननं धुवा, सुटलेली साल कापू नका, ओल्या गॉजनं हलकेच जागेवर सरकवा. वर पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी मेणचट जाळी), त्यावर साधं गुंडाळायचं बँडेज, सैलसर. चिकटपट्टी कातडीला लागता कामा नये. उठवताना मनगट नाही, पाठीमागून आधार. हातापायांना दोनदा मॉइश्चरायझर, जखमेवर नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला तर डॉक्टरांना घरी बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही त्यांनाच विचारा.

तांबडा_रस्सा :
पैलवान कुणी पट्टी लावत न्हाई.

रंकाळाकाठ :
आजी कुस्ती खेळत न्हाईत, दादा.

कळंबाकर :
आत्ताची पट्टी निघेना. झटक्यात ओढू?

निवृत्त_सिस्टर :
नको!! कडेला खोबरेल लावा, थोडं थांबा. कातडी बोटानं दाबून धरा, पट्टी मागं दुमडत काढा.

कळंबाकर :
निघाली. साल जागेवर आहे. पॅराफिन गॉज आणायला चाललोय.

शाहूपुरी_१ली_गल्ली :
घरी येऊन इंजेक्शन देणारी सिस्टर कुणाला माहितीय का? सासूबाईंसाठी.