भाच्याच्या दप्तरात झोपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या: आधी काय करायचं?

गोदाकाठ:
बहिणीचा मुलगा, वय १७, बारावी. दप्तरात गांजा वळायचे रोलिंग पेपर, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि अल्प्राझोलम ०.५ मिग्रॅच्या तीन रिकाम्या पट्ट्या सापडल्या. दीड महिना क्लास बुडवतोय, संध्याकाळी जीभ जड असते. भाऊजी म्हणतात, आज रात्री झडती, उद्या लघवीची तपासणी, मग चार दिवस खोलीत कोंडला की आपोआप सुटेल. ताईला कुणीतरी व्यसन सोडवायची, "नकळत भाजीत घाला" अशी पावडर सुचवलीय. पोलिसांची भीती आहेच. सुरुवात कुठून करायची?

काउंटरपलीकडे:
कोंडायचं नाही. हे आधी भाऊजींना सांगा, बाकीचं नंतर.

नुसता गांजा असता तर बंद केल्यावर चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं एवढ्यावर भागलं असतं. अल्प्राझोलमचं तसं नाही. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं की एकदोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते आणि काहींना फिट येते. म्हणून ही गोळी डॉक्टर मात्रा उतरवत उतरवत बंद करतात, कधी त्याच गटातली जास्त वेळ टिकणारी गोळी देऊन. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तरी हाच धोका असतो.

पट्ट्या फेकू नका. नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवसांत किती संपल्या एवढं डॉक्टरांना कळलं तर अर्धं काम होतं. ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं ठेवावी लागते. तेव्हा आधी घरातलं कपाट बघा, आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या मोजा. बऱ्याचदा सुरुवात तिथूनच होते.

थेंबांची बाटली बहुधा गांजाने लाल झालेले डोळे लपवायला असेल. जड जीभ आणि लटपटती चाल मात्र गोळीकडे बोट दाखवते. एमडी (मेफेड्रोन, झोप उडवणारी उत्तेजक नशा) असतं तर चित्र उलटं दिसलं असतं: बाहुल्या मोठ्या, दात करकर, रात्र रात्र जागरण, मग दीड दिवस झोप. व्हाइटनर-थिनर हुंगणाऱ्याच्या रुमालाला वास येतो आणि तोंडाभोवती पुरळ उठतं. असं हुंगणाऱ्याला रंगेहाथ पकडून दचकवू नये, हृदयाचे ठोके बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो.

लघवीच्या किटवर फार भिस्त नको. रोज गांजा ओढणाऱ्याची तपासणी बंद केल्यावरही महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकते, एमडी साध्या किटमध्ये बहुतेकदा दिसत नाही आणि सर्दीच्या काही औषधांनी खोटा पॉझिटिव्ह येतो. चोरून तपासलंत तर निकाल हातात येईल, पोरगा हातचा जाईल.

गोदाकाठ:
कोंडण्याचा बेत रद्द. पण त्याच्याशी बोलायचं कसं? आणि पावडरीचं काय?

दुसरी_पाळी:
पावडर कचऱ्यात. अशा पुड्यांत नक्की काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरम (दारू सोडवायला देतात ते औषध) असेल तर ते फक्त दारूवर चालतं, गोळ्या-गांजाशी त्याचा संबंध नाही. नकळत दिलं आणि तो मित्रांबरोबर प्यायला, तर चेहरा लालबुंद, उलट्या, रक्तदाब खाली. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे हा धोका राहतो. जाणत्या डॉक्टरांनी, पेशंटला सांगून द्यायचं औषध आहे ते.

बोलायचं ते तो पूर्ण शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, एकाच माणसाने. घरची पंचायत बसवू नका. "तू गर्दुल्ला झालास" म्हटलं की दार बंद. "मंगळवारी तू साडेअकराला आलास, बोलणं अडखळत होतं, जेवला नाहीस, मला भीती वाटली" असं डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच बोला. मग गप्प बसा. हे गप्प बसणंच आयांना जमत नाही! पहिल्या दिवशी कबुली नाही आली तरी चालेल. मागणी एकच ठेवा: "या आठवड्यात डॉक्टरांकडे एकदा जाऊ."

रोख पैसे बंद, क्लासची फी थेट क्लासला. जेवण आणि घर मात्र अटीवर ठेवू नका. नशेत आला तर वाद न घालता झोपू द्या. कॉलेजात "ताप आलाय" असं खोटं कळवू नका. चांगल्या दिवशी त्याच्याबरोबर बसा, क्रिकेट बघा. नाहीतर घरात लक्ष फक्त नशेलाच मिळतं.

उठवून उठत नसेल, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला किंवा ओठ निळे पडले तर कुशीवर वळवून १०८. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. दवाखान्यात त्याने काय घेतलंय ते खरं सांगा.

शाईपेन:
पोलिसांबद्दल. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ म्हणतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. शिवाय तो अठराच्या आत आहे, प्रकरण झालंच तर बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याला गोळ्या पुरवणाऱ्याला मात्र बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

भरती करायची वेळ आलीच तर २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा विचारा. कलम ८७ प्रमाणे अल्पवयीनाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा सोबतीचं माणूस पूर्ण काळ जवळ राहतं. "तीन महिने भेटायचं नाही", "आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो" असं म्हणणाऱ्या केंद्राची पायरीही चढू नका. नोंदणी क्रमांक आणि मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, हे फोनवरच विचारा.

दुसरी_पाळी:
भरती ही पहिली पायरी नव्हे. आधी जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी. जायच्या आधी बोलून घ्यायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, टेलि-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं. भाच्याऐवजी ताईने फोन केला तरी चालतो. आणि ओपीडीत जाताना त्या तीन पट्ट्या पर्समध्ये टाका.