रिः रिः शाळेचा टी-शर्ट: शेकरूची ओरिजिनल फाइल कोणाकडे आहे???

नमस्कार मंडळी,
मराठी शाळेच्या टी-शर्टची ऑर्डर शुक्रवारी द्यायचीय आणि प्रिंटरने आपला शेकरूचा लोगो तिसऱ्यांदा परत पाठवलाय, म्हणतो व्हेक्टर द्या नाहीतर मोठा पीएनजी द्या. माझ्याकडे आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून आलेला, शेकरूच्या मिशा गायब आणि शेपटीच्या कडेला नुसता चिखल. मूळ फाइल असेल त्याने प्लीज आजच पाठवा.
टी-शर्टवाली ताई

-----

ताई, सोबत जोडलीय. दिवाळीच्या फ्लायरच्या वर्ड फाइलमधून काढून पीएनजी म्हणून सेव्ह केलीय, मागचं पांढरंही एका साइटवर फुकटात उडवलं. आता काय अडचण येणार नाही.
खजिनदार काका

-----

काका, रागावू नका पण तुमची फाइल गडद निळ्या रंगावर ठेवून बघा. शेकरूचं पोट आणि शेपटीचं टोक क्रीम रंगाचं असतं ना, त्या साइटने तेही "मागचं पांढरं" समजून खाल्लंय. पोटातून निळा शर्ट दिसतोय 😀 आधीच इथली पोरं त्याला चिपमंक म्हणतात, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे म्हणून सांगून सांगून मी थकले.

आणि वर्डमधलं चित्र मुळात जेपेग, त्याचं पीएनजी केलं म्हणून गेलेलं परत येत नाही हो. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतो, फोटोत ते कळत नाही पण लोगोच्या धारदार कडेला लगेच कळतं, आणि दरवेळी एडिट करून सेव्ह केलं की परत तेच. पीएनजी काही टाकत नाही पण त्याला जे मिळालं तेच तो जपणार, म्हणजे आपला चिखल आता नीट जपलाय. साइज पण बघा, २४० पिक्सेल. छपाईला इंचाला ३०० धरतात, म्हणजे हा शेकरू पाऊण इंचाचा छापता येईल, आणि आपल्याला छातीवर १० इंच हवाय, म्हणजे ३००० पिक्सेल.

प्रिंटर मागतोय ते व्हेक्टर म्हणजे एसव्हीजीसारखी फाइल. तिच्यात पिक्सेल नसतातच, रेषा कुठून कुठे वळते तेवढंच लिहिलेलं असतं, म्हणून टी-शर्ट काय नि ८ फुटी बॅनर काय, कड तशीच राहते.
वेबसाइटवाली

-----

मग हाच एसव्हीजीत कन्व्हर्ट करून टाकू की, ऑनलाइन होतं म्हणे.
खजिनदार काका

-----

होतं, पण चिखलाच्याच रेषा काढून देतं. हातानेच परत ट्रेस करायला हवा, मूळ चित्राचा बऱ्यापैकी कागद मिळाला तर एका संध्याकाळचं काम आहे, मी करते. फक्त खालची अक्षरं पाठवायच्या आधी आउटलाइन करायची, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, फॉन्ट लागत नाही. मागच्या बॅनरला तसं केलं नव्हतं, प्रिंटरकडे आपला फॉन्ट नाही आणि त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही, म्हणून "मित्र"ची वेलांटी म च्या पुढे जाऊन बसली आणि त्र चे तीन तुकडे. पूर्ण गणपतीभर ते स्टेजमागे लटकलं होतं आणि कोणी काही बोललं नाही!!
वेबसाइटवाली

-----

मी बोलले होते. असो. मूळ चित्र शाळेतल्याच एका मुलीने पेन्सिलीने काढलंय, ए-फोर कागद आहे, हॉलच्या कपाटात पुस्तकांच्या खोक्याखाली निळ्या फोल्डरमध्ये. मिशा आहेत त्यात. फोनने फोटो काढू नका, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून टाका.
शाळेच्या बाई

-----

बाई तुमचे उपकार!! कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?
टी-शर्टवाली ताई

-----

माझ्याकडे. आत्ता भारतात आहे, १४ ला येतोय.
खजिनदार काका